खरवडलेली अक्षरं

कुणीतरी हे जाणूनबुजून केलंय. मेलेल्या बाईचं नाव खरवडायचं, वस्तू उजळायची आणि नव्या नवरीच्या हातात ठेवायची. याला म्हणे कारागिरी!

पॅरिसच्या मारे भागात मी चांदीवर कोरीवकाम करते. त्या दुपारी खिडकीबाहेर धुकं दाटलं होतं आणि माझ्यासमोर एक जुनी प्रवासपेटी उघडी होती. मखमलीच्या खाचांत चांदीच्या टोपणांच्या बाटल्या, पेला, साबणाची डबी. माझी धाकटी बहीण लेओनी लग्नासाठी संध्याकाळच्या गाडीनं मार्सेयला निघणार होती. पेटी म्हणजे आमच्या मालकांनी तिला दिलेला आहेर. टोपणांवरची एम. व्ही. ही तिच्या मेलेल्या मालकिणीची अक्षरं काढायची आणि लेओनीची कोरायची, एवढंच माझं काम.

पहिलं टोपण मी खरवडलं, घासलं. लख्ख झालं.

"फुंकर घालून बघ की," मालक फ्रेनो म्हणाले. "का कलाशाळेत नुसती भाषणंच शिकवली?"

"तुमच्यासमोर तीच जास्त लागतात, मालक."

ते हसत बाहेर गेले.

चांदीवर तोंडाची वाफ सोडली की पुसलेली अक्षरं क्षणभर वर येतात. आली, तर पुन्हा खरवडायचं. मी वाफ सोडली. अक्षरं आली.

एल. जी.

लेओनी गारांशे. माझ्या बहिणीची अक्षरं. मी अजून कोरलीच नव्हती ती...

पुन्हा खरवडलं. या वेळी श्वास रोखून नुसती बघत राहिले. टोपण हळूहळू धुरकटलं. मग शेजारचं. मग पेला. औषधाचा आणि कुजक्या फुलांचा वास आला... आणि ज्या टोपणांना मी हातही लावला नव्हता, त्यांच्यावरही तीच दोन अक्षरं.

पेटी मिटली, कपाटात कोंडली, किल्ली खिशात टाकली आणि घराकडे धावत सुटले. लेओनीला आज जाऊ द्यायचं नव्हतं.

आमच्या इमारतीच्या दारवानबाई, मादाम पॅंसों, जिना पुसत होत्या.

"लेओनी वर आहे ना?"

"गेली की मघाशीच. तुमची ती चांदीची पेटी घेऊन एक बाई आली होती, तिच्याबरोबर."

"पेटी?... पेटी तर मी कपाटात... कोण बाई?"

"मला काय ठाऊक, पोरी? तुला मारते तशीच लेओनीनं तिला 'ताई' म्हणून मिठी मारली, म्हणून मी अडवलं नाही."