खंडेनवमीची यादी

बस रं कृष्णात, च्या घे. उद्या तू पुण्याला त्या कंपूटरच्या नोकरीवर निगालास, म्हून चुलता एक गोष्ट सांगतो. थाप न्हाई. हसायचंच आसलं तर शेवटाला हास.

गेल्या दसऱ्याचं, अठ्ठ्याहत्तर सालचं सांगतो. आमच्या साखर कारखान्याच्या हापिसात पुण्याच्या सायबानं एक यंत्र आणून टेबलावर ठिवलं. टाइपरायटरच्या डोक्यावर बारका टीव्ही बसवावा, तसलं. "फुडं परतेक टेबलावर हेच आसणार," म्हनला. "कामाच्या पाळ्यासुदीक हेच लावणार."

पाळ्यांच्या याद्या लिवायचा आमचा टायमकीपर, चांदसाहेब. त्याचं तोंड उतरलं. मी म्हनलं, "चांदभाई, आता तुमी कोंबड्या पाळा."

"हस लेका. तुझं नावबी तेच लावणार हाय, आकाराम."

खंडेनवमीला पाने, हातोडे, फावडी समदं धुऊन पुजलं. त्या दिशी हत्याराला काम लावायचं न्हाई. यंत्रालाबी कुंकू लावलं. चांदभाईनं सोताच्या हातानं पिन उपसली, वायर गुंडाळून पाटावर ठिवली. तिच्यावर फूल वाह्यलं मी.

दुपारी परसाद द्याया गेलो. चांदभाई हापिसात एकलाच हुता, यंत्राच्या काचंकडं बघत.

काच हिरवी झालती. तिच्यावर दसऱ्याच्या बॉयलरच्या पाळीची यादी. मी बोट लावून वाचली. हंबीरराव, रसूल, सिद्धू... सात नावं. आठवी ओळ माझी. बॉयलरात पाणी किती ते दावणाऱ्या काचनळीफुडं उभं ऱ्हायाचं काम माझं. ती ओळ मोकळी.

वायर पाटावरच हुती. फूलबी हाललं नव्हतं.

"वास येतोय का रं?" चांदभाई हळूच म्हनला.

येत हुता. वल्या वाफंचा. आन् बॉयलर तर सा म्हयनं थंड.

मंग काच काळी पडली.

दसऱ्याला बॉयलर पेटला. दुपारच्या पाळीला मी गेलो, तर दारात चांदभाई आडवा.

"आज आत जायाचं न्हाई."

"यंत्रानं काढलं व्हय मला? पोरांच्या तोंडात काय घालू?"

"तुझी हजेरी मी मांडतो. हितं बस."

"सरका, चांदभाई!"

त्यानं माझी गचांडी धरली. म्हाताऱ्याच्या हातात कुठनं बळ आलं कुणास ठावं.

तवाच आत फाट्‌दिशी वाजलं.

काचनळी फुटली. वाफंचा झोत मी उभा ऱ्हातो तिथनं आरपार गेला. भिंतीचा चुना उडाला.

बाकीचे सात जण मागं लाकडं सारत हुते. कुणाला वरखडा न्हाई.

आमी दोगं तिथंच धुळीत बसलो, गळ्यात पडून हसलो. लय हलकं वाटलं गड्या! जीवबी वाचला, नोकरीबी ऱ्हायली. त्यो दसरा आमी जिलबी वाटून केला.

सायेब यंत्र घिऊन निगाला, तवा मी म्हनलं, "सायेब, ह्ये मराठी किती झ्याक लिवतं!"

त्यो हसला. "बाबा, ह्याला इंग्रजीबिगर एक अक्षर येत न्हाई."

आन् मला मराठीबिगर येत न्हाई.

काचंवरची नावं चांदभाईच्याच हाताच्या वळणाची हुती, कृष्णात.

तवा एक कर. तुझ्या टेबलावर त्ये यंत्र आलं की खंडेनवमीला पिन काढ, फूल वाह्य, आन् घटकाभर काचंकडं बघत ऱ्हा. कुणाची ओळ मोकळी दिसली तर त्या माणसाला आत सोडू नको. शिव्या देऊ दे, रडू दे. गचांडी धर त्याची.