टरफलांचा कोळसा आणि गुलाबी कागद

"टरफलं खाली टाकू नका... मला द्या."

चाकणच्या बसथांब्यावर भुईमुगाच्या शेंगा खात उभ्या असलेल्या तरुणाने मान वर केली. समोर एक मुलगी. खांद्याला बाटल्यांची पेटी, आणि ओंजळ खरोखरच पुढे केलेली. त्याने मुकाट्याने टरफलं तिच्या हातात ठेवली. वर दोन शेंगाही ठेवल्या.

थोड्याच वेळात दोघं पुन्हा समोरासमोर आली आणि हसली. निकेलचा मुलामा देणाऱ्या ज्या छोट्या कारखान्यात दीक्षा प्रयोगासाठी आली होती, तिथलं सांडपाणी तोच सांभाळायचा. नाव प्रीतम, गाव चऱ्होली.

आकुर्डीची दीक्षा रसायनशास्त्रात संशोधन करत होती. शेंगांच्या टरफलांचा कोळसा करून तिने तो एका उभ्या काचेच्या नळीत भरला. वरून सांडपाणी सोडायचं. त्यातलं विषारी निकेल कोळशाला चिकटून राहतं आणि खाली स्वच्छ पाणी येतं. त्या पाण्याचा थेंब रोज चाचणीच्या कागदावर टाकायचा. निकेल निसटलं असेल, तर कागद गुलाबी होतो.

"गुलाबी झालं की जिंकलो?" प्रीतमने विचारलं.

"नाही. गुलाबी झालं की कोळसा निकेलने गच्च भरला. तो किती पाणी पेलतो, तेवढंच मला शोधायचंय. मग प्रयोग संपला."

"आणि तुमचं येणं?"

"येऊन काय करू?"

तो नळीतून पडणारे थेंब बघत राहिला.

दीक्षा येत राहिली. ती आली की चहा तयार असे. त्याची आई, मंजुळाबाई, पूर्वी टरफलं चुलीत घालायची, आता पोत्यात भरून ठेवते आणि रोज विचारते, "ती शेंगावाली पोरगी येती न्हवं अजून?" हे सांगताना प्रीतम भलतीकडेच बघायचा. आणि दीक्षा उगीचच कागद पुन्हा तपासायची.

कागद पांढराच. तिच्या हिशोबाने कोळसा कधीच भरायला हवा होता. आधी ती हरखली. मग इतकं चांगलं उत्तर तिला पटेना. एका सकाळी तिने नळीकडे नीट पाहिलं. पाण्याच्या भाराने खाली बसलेल्या कोळशाची पातळी तिने निळ्या पेनाने खुणावली होती. आज कोळसा त्या खुणेच्या बोटभर वर होता. बसलेला कोळसा आपण होऊन वर येत नाही.

"कोळसा कुणी बदलला?"

"मी..." प्रीतम नळ पुसत राहिला. "तुमच्या राखीव पोत्यातला घातला."

"का?"

"कागद गुलाबी व्हायला लागला होता, मॅडम."

तिला हसू आलं, पण ते तिने गिळलं. राग खरा होता. "उद्या तुमचे शेठ माझ्या आकड्यावर विसंबून अशी मोठी गाळणी बसवतील. कोळसा भरला तरी बदलणार नाहीत. निकेल ओढ्याने जाईल आणि खाली कुणाच्या तरी विहिरीत उतरेल... मग?"

प्रीतमचा चेहरा उतरला. विहिरीचं पाणी पिऊन वाढलेला मुलगा तो. एवढं डोक्यात आलं नाही, असं तो हळूच म्हणाला.

"पहिल्यापासून करायचं," दीक्षा म्हणाली. "आता हात लावायचा नाही. शब्द द्या."

"दिला."

त्याने तो पाळला. एका दुपारी त्यानेच फोन केला. "मॅडम, या. गुलाबी दिसतंय." आवाज असा, की स्वतःच्याच बदलीची बातमी सांगतोय.

दीक्षाने मोजमाप घेतलं, नळी सोडवली. त्याने एकेक बाटली विसळून पेटीत ठेवली... फारच सावकाश. आभार मानून ती गेली.

पुढच्या आठवड्यात प्रीतम बसमधून उतरला, तर थांब्यावर दीक्षा. खांद्याला पेटी नाही.

"बाटल्या विसरलात, मॅडम?"

"आणल्याच नाहीत."

"मग आज... काम काय काढलंत?"

तिने ओंजळ पुढे केली. "शेंगा हव्यात. आणि मला मॅडम म्हणणं सोड."

प्रीतमचे कान असे रंगले, की चाचणीच्या कागदाची गरजच उरली नाही. त्याने खिशातली अख्खी पुडी तिच्या ओंजळीत ओतली.

"टरफलं खाली टाकू नकोस," तो म्हणाला. "आई साठवते. आज... तूच नेऊन दे."