नाल्यापल्याडची हाळी

लाईट येईपर्यंत सांगतो. आली की थांबेन, कारण ही गोष्ट उजेडात ऐकली तर तुम्ही हसाल आणि तुम्ही हसलात तर मला राग येईल. ऋचा, तो मोबाईल पालथा ठेव. अनिमेष, तू जरा आत सरक. नाही, तसं काही नाही... थंडी आहे म्हणून म्हटलं.

माझ्या ऑफिसात स्वानंद होता. तुमच्या आईला विचारा, तिने पाहिलाय त्याला. आमची टेबलं लागून होती. माणूस इतका सरळ की साहेब रजेवर असले तरी सुटीच्या वेळेआधी खुर्ची सोडायचा नाही. वेड एकच, पाखरांचं. ड्रॉवरमध्ये फायली नंतर, दुर्बीण आधी. खिडकीबाहेर काही ओरडलं की हातातलं काम अर्धं टाकून हा खिडकीशी. आम्ही चिडवायचो, "तुला मुलगी दाखवायला नेलं तर तू तिच्या मागचं झाड बघशील." खरंच, लग्न राहूनच गेलं त्याचं.

दोन हजार सहा साल. त्याची मावसबहीण गौरी आर्णीच्या पुढे, महागावच्या रस्त्याला, शेतातच घर बांधून राहायची. तिच्या नवऱ्याचं नागपूरला ऑपरेशन निघालं. सगळं घर नागपूरला जाणार, मग घरच्या दोन कुत्र्यांचं काय? तिने स्वानंदला फोन केला. शेत, नाला, पलीकडे झुडपी जंगल, असं ऐकल्यावर हा पठ्ठ्या रजेचा अर्ज टाकून दुसऱ्या दिवशी एस.टी.त बसला.

जंबू नावाचा एक काळा दांडगा कुत्रा होता आणि भुरी नावाची मातकट रंगाची कुत्री, एक कान दुमडलेली. निघताना गौरीने त्याला बाजूला घेतलं. म्हणाली, "दादा, जंबूची काळजी नाही. कुठेही गेला तरी भाकरीच्या वेळेला हजर असतो. पण भुरीला अंधार पडल्यावर सोडू नकोस. दोनदा गेली ती. नाल्यापल्याड आपल्या कापसात मचाण आहे, त्याखाली जाऊन बसते आणि अन्नपाण्याला तोंड लावत नाही. मागच्या खेपेला उचलून आणली तेव्हा नुसती हाडं उरली होती. आता गेली तर वाचायची नाही."

आणि ती रडायला लागली. नवऱ्याच्या ऑपरेशनचं सांगताना न रडलेली बाई कुत्रीसाठी रडली, याचं स्वानंदला नवल वाटलं होतं. मला नाही वाटलं. माणूस रडायला जागा शोधतच असतो. स्वानंदने शब्द दिला, की तू परत येशील तेव्हा भुरी तुला दारात दिसेल.

पहिले दिवस तर त्याची चैनच होती. सकाळी दोन्ही कुत्र्यांना घेऊन धुऱ्याधुऱ्याने, शेताच्या बांधावरून, निघायचं. तुरीत रोह्यांचा, म्हणजे नीलगायींचा, कळप उभा असायचा, जंबू भुंकला की धूळ उडवत पळायचा. तितर पायाखालून भुर्रकन उठायचे. तारेवर नीलपंख, बोरीच्या जाळीत ससा, संध्याकाळी टेकाडावर कोल्ह्याचं जोडपं. भुरी कशाच्याही मागे धावायची नाही. स्वानंद दुर्बीण लावून उभा राहिला की तीही शेजारी शांत बसायची. तो मला म्हणाला होता, "अनंता, इतकी चांगली सोबत मला माणसांची मिळाली नाही." मी शेजारच्या टेबलावरचा माणूस, पण मी मनावर घेतलं नाही.

शेजारच्या शेतात रामसिंग असायचा, जवळच्या तांड्यावरचा. डुकरं आणि रोही पिकात शिरू नयेत म्हणून रात्री मचाणावर बसून राखण करायची, त्याला तिकडे जागल म्हणतात. पहिल्याच संध्याकाळी त्याने स्वानंदला समजावलं.

"साहेब, आमच्या शिवारात जागलीची रीत हाये. एकानं हाळी द्याची, दुसऱ्यानं ओ द्याची. ज्यानं ओ देल्ली, जागल त्याच्यावर आली. पयला मंग निजाले मोकळा."

"चांगली आहे की रीत."

"हाये ना. पन नाल्याच्या तिकडून हाळी आली त ओ देऊ नका."

"का?"

"तिथं कोनी नाही म्हनून."

एवढं बोलून रामसिंगने कापसाचे दोन बोळे केले, कानात कोंबले आणि तो आपल्या मचाणावर चढला. स्वानंदला वाटलं, थंडीसाठी असतील.

खरं काय ते त्याला रामसिंगच्या बायकोने, रामीबाईने सांगितलं. ती दूध घेऊन यायची. भुरीच्या डोक्यावरून हात फिरवत म्हणाली, "हे उकंडाची कुत्री, साहेब. उकंडा गौरीबाईचा जागल्या होता. दिवाळी झाली अन् सारे मानसं कापसाच्या गाड्या घेऊन आर्णीले गेले. तिथं हे मोठी लाईन. नंबरच लागे ना, गाडीखालीच निजून राह्यले होते. इकडं शिवारात एकटा उकंडा. त्याले मचाणावर मन्यार डसली."

"मग?"

"रातभर हाळी देऊन राह्यला होता तो. आमी बाया तांड्यात आयकत होतो ना... आमाले वाटलं, रोजचीच हाळी हाये. देतीन मानसं ओ. बायांनं ओ द्याची रीत नाही आमच्यात." तिचा हात भुरीच्या डोक्यावरच राहिला. "मानसं त आर्णीले होते, साहेब. आमच्या ध्यानातच नाही आलं."

सकाळी बायका पाणी आणायला गेल्या तेव्हा भुरी मचाणाखाली बसलेली होती आणि वर उकंडा गार पडलेला.

आता ती रात्र. एकोणीस डिसेंबर, मंगळवार. अमावास्या दुसऱ्या दिवशी होती, मध्ये बोलू नका. भुतं काही पंचांग बघून येत नाहीत.

त्या संध्याकाळी घराला कुलूप घालून स्वानंद कुत्र्यांना फिरवायला निघाला. नाल्याच्या कडेला त्याला शृंगी घुबड दिसलं. मोठं, कान उभारलेलं. आता हा कसला हलतो. बघत उभा राहिला आणि अंधार पडला. घरी पोचेपर्यंत चांगलीच रात्र झाली होती. त्याने जंबूला ओसरीवर बांधलं. भुरीची दोरी डाव्या हातात होती. उजवा हात किल्लीसाठी खिशात घातला, आणि तेवढ्यात नाल्याकडून आवाज आला.

"होऽऽऽ..."

भुरीने असा हिसका दिला की दोरी तळहात सोलून निघून गेली.

स्वानंद धावला. हातात बॅटरी, तिचा उजेड पिवळा पडलेला. वाटेत रामसिंगचं मचाण. त्याने खालून हाका मारल्या. रामसिंग गुडघ्यात डोकं घालून बसला होता. कानात कापूस. हललाही नाही.

नाला कोरडा होता. स्वानंद उतरला आणि पलीकडे चढला.

तिथे सगळं गप्प होतं. अलीकडे टिटवी ओरडत होती, कोल्हे ओरडत होते. पलीकडे काहीच नाही. कापसाच्या पऱ्हाटीत वारा होता, पण पानांचा आवाज नव्हता.

"भुरी..."

काही नाही.

मचाण दिसलं. चार खांब, वर काळोख. खाली भुरी बसलेली. मान वर करून. शेपूट हळूहळू हलत होतं.

"होऽऽ... हाये का कोनी?"

आवाज वरूनच आला. बॅटरी वर केली. मचाणावर कोणी नव्हतं. मग बॅटरीही गेली.

स्वानंद भुरीपाशी बसला. दोरी हाताला लागली. ओढली. ती उठेना. उचलायला गेला तर तिने अंग जड केलं. गुरगुरली नाही. चावली नाही. फक्त येणार नव्हती.

"हाये का... कोनी?"

या वेळी आवाज चिरकला. घसा सुकलेल्या माणसाचा असतो तसा.

आता ऐका. मी त्याला विचारलं होतं, "घाबरून ओ दिलीस का रे?" तो म्हणाला, "घाबरलो तर होतोच. पण ओ दिली ती दयेने. हा माणूस अजून हाक मारतोय, अनंता. आणि तो हाक मारत राहील तोवर ही कुत्री घरी येणार नाही. मरेल इथेच. मी गौरीला शब्द दिला होता."

त्याने तोंड वर केलं.

"ओ," म्हणाला. "मी आहे इथे."

...



मग वरून, अगदी हळू, "मंग मी जातो निजाले."

शिडीची पायरी वाजली. मग दुसरी. मग खालची.

कोणी दिसलं नाही. बिडीचा वास आला. भुरीची मान वळत गेली... स्वानंदच्या डावीकडून... त्याच्या मागे... घराच्या दिशेने. ती उठली. शेपूट जोरात हलवत निघाली.

स्वानंदने दोरी मनगटाला गुंडाळली. घट्ट. एकदा, दोनदा. तिने ओढलं. त्याने सोडलं नाही. मग ती बसली आणि त्याच्या मांडीवर डोकं ठेवून विव्हळत राहिली. थोड्या वेळाने तेही थांबलं. अंग गार पडलं होतं तिचं. थंडीनेच असेल, असं त्याने मनाला सांगितलं. श्वास चालू होता, एवढं त्याला हाताला लागत होतं.

घरी जायला तो उठला नाही. मी म्हटलं, "गाढवा, कुत्री हातात होती ना, पळायचं होतंस." तर म्हणे, "जागल माझ्यावर होती ना." असा सरळ माणूस. पऱ्हाटीत डुकरं शिरली, तेव्हा मचाणाला टांगलेला पत्र्याचा डबा त्याने बडवला. हाळ्याही दिल्या. त्याला ओ देणारं कोणी नव्हतं. मनगटाला दोरी, मांडीवर भुरी. उजाडेपर्यंत तो तसाच बसून होता.

सकाळी रामसिंगने कानातले बोळे काढले, नाल्यापलीकडे माणूस बसलेला पाहिला आणि धावत आला.

"साहेब, ओ देल्ली का तुमी?"

स्वानंदचा घसा बसला होता. त्याने मान डोलावली. मचाणाकडे तोंड करून रामसिंगने हात जोडले आणि तो उभ्या उभ्या रडला. मग भुरीची दोरी सोडवायला वाकला. स्वानंदच्या मनगटावर तिचा काळानिळा वळ उठला होता.

तिघेही घराकडे आले. जंबू ओसरीवर बांधलेलाच होता. दाराला कुलूप तसंच, किल्ली स्वानंदच्या खिशात. त्याने दार उघडलं.

त्या साली कापसाला भाव नव्हता. गौरीच्या मधल्या खोलीत कापूस छातीइतका भरून ठेवला होता. त्या ढिगावर, वरच्या अंगाला, माणूसभर लांबीचा खळगा पडलेला होता. कुशीवर निजलेल्या माणसाचा. डोक्याकडे खोल, पाय पोटाशी घेतलेले. आणि त्याच्या पोटाशी दुसरा एक खळगा, लहान, गोल.

दोघांनीही पाहिलं. रामसिंग वर चढला आणि त्याने मोठ्या खळग्यात हात घातला. थंडगार होता. मग लहान खळग्यात घातला आणि चटका बसावा तसा मागे घेतला. तो ऊन होता. कुणीतरी आत्ताच उठून गेल्यासारखा.

भुरी उंबऱ्यावर थांबली होती. ती हळूहळू आत आली, ढिगावर चढली, वास घेतला. त्या लहान खळग्यात एकदा गोल फिरली आणि बसली. मापात बसली. दुमडलेल्या कानाचीसुद्धा खूण तिथे कापसात होती, तिच्यावरच तिने कान टेकला आणि डोळे मिटले.

काय, अनिमेष?

नाही रे. सांगितलं ना, भुरी रात्रभर स्वानंदच्या मांडीवर होती.