उलटी चढलेली वेल

"लांब बाह्यांचे शर्ट घातल्याशिवाय वेलींना हात लावायचा नाही!" मावशीने स्वयंपाकघराच्या खिडकीतून बजावलं.

"घातलेत!" तीन आवाज एकदम आले.

पुढे टिकली, तिच्यामागे तिचा मावसभाऊ प्रोफेसर आणि सगळ्यांत मागे टिकलीचा धाकटा भाऊ शेपूट, अशी वरात परसात निघाली. शेपटाला शेपूट का म्हणत, हे वेगळं सांगायला नको. प्रोफेसरला मात्र ते नाव चष्म्यामुळे मिळालं होतं. त्यात ज्ञानाचा काही संबंध नव्हता.

परसातल्या भिंतीलगत मावशीने हॉपच्या वेली लावल्या होत्या. भिंतीच्या माथ्यावर एक तार ताणलेली, तारेवरून जमिनीपर्यंत सुतळ्या सोडलेल्या आणि प्रत्येक सुतळीवर एक वेल चढलेली. वेलींना हिरव्या, पापुद्र्या-पापुद्र्यांच्या फुलांचे घोस लागत. ती फुलं वाळवून मावशी छोट्या उशा भरायची. आजोबांना एरवी झोप येत नसे, पण त्या उशीवर डोकं टेकलं की ते घोरायला लागत. बाकीच्या घराची झोप त्यामुळे उडे, पण त्याला इलाज नव्हता.

सुट्टीपुरतं मुलांकडे एकच काम होतं. रात्रीतून भरकटलेले कोवळे शेंडे परत सुतळीवर वळवायचे. वेलीच्या दांड्यावर बारीक आकडे असतात आणि उघड्या हाताला लागले की लाल ओरखडे उठून खाज सुटते, म्हणून ते लांब बाह्यांचे शर्ट.

"शिस्त विसरू नका हं!" प्रोफेसर म्हणाला. "जमिनीवर घड्याळ ठेवलंय असं समजायचं. काटे फिरतात तशीच वेल फिरवायची. उलटी फिरवली तर ती रुसते आणि सुटून खाली येते."

"रोज सांगतोस," शेपूट म्हणाला.

"रोज विसरतोस!"

तेवढ्यात टिकली मधेच थबकली. वेलींची पानं मरगळली होती, शेंडे माना टाकून लोंबत होते. दोन वेली तर बुडाशीच मोडल्या होत्या. आणि त्यांच्या बरोब्बर खाली ढब्बू बसला होता. त्याच्या तोंडात वेलीचा एक तुकडा होता आणि तो अतिशय आनंदात शेपटी हलवत होता.

"मेलास ढब्बू!" टिकली पुटपुटली.

ढब्बू टिकलीला रस्त्यावर सापडलेला कुत्रा. घरी त्याला ठेवून घ्यायला बाबा मोठ्या मिनतवारीने तयार झाले होते, तेही एका अटीवर. मावशीकडून एक जरी तक्रार आली, तर ढब्बूची रवानगी दूरच्या शेतावरच्या राखणदाराकडे.

मावशी धावत आली. तिने वेली पाहिल्या, ढब्बूच्या तोंडातला तुकडा पाहिला आणि पुढचं काही पाहिलंच नाही.

"काल आपण पोहायला गेलो होतो, तेव्हाच केलंय हे यानं! अहो, तुम्ही घरी होतात ना? लक्ष नाही दिलंत?"

व्हरांड्यात बसलेले काका वर्तमानपत्रात आणखी खोल शिरले. "हं... असेल, असेल," एवढाच आवाज आला.

मावशीने लगेच फोन लावला. मावशी रागावली की जीभ आणि बोटं एकाच वेगाने चालत. बाबा संध्याकाळी येऊन ढब्बूला घेऊन जाणार, असं ठरलं. तिला रडायचं नव्हतं, पण डोळ्यांनी तिचं ऐकलं नाही.

"वावटळ आली असेल," प्रोफेसरने समजूत काढायचा प्रयत्न केला.

"आपल्याच परसात? शेजारचं एक पानही हललेलं नाही!" टिकलीने नाक पुसलं आणि ती वेलींजवळ गेली. कुणाला तरी शिक्षा होणारच असेल, तर निदान गुन्हा तरी नीट पाहून घ्यावा. तिने एका सुतळीवरून बोट फिरवत नेलं. मग दुसरीवरून. मग ती खाली वाकली, वर पाहू लागली आणि ओरडली, "प्रोफेसर! घड्याळ!"

"वाजले किती ते मला—"

"तुझं जमिनीवरचं घड्याळ रे! ही वेल बघ. काट्यांच्या उलट गेलीय! हीसुद्धा! ही तर जेमतेम गुंडाळलीय, सुटायलाच आलीय!"

प्रोफेसरने चष्मा पुसून पाहिलं. त्याचं तोंड उघडं राहिलं. "वेल आपणहून कधीच अशी चढत नाही."

"म्हणजे कुणीतरी सगळ्या वेली खाली पाडल्या आणि परत गुंडाळून ठेवल्या," टिकली म्हणाली. "ढब्बूला वेल ओढता येईल. गुंडाळता येईल का?"

"त्याला त्याची स्वतःची साखळीसुद्धा सोडवता येत नाही," शेपूट म्हणाला.

"मग काल घरी कोण होतं?"

तिघांनी एकदम व्हरांड्याकडे पाहिलं. उकाड्याने जीव नकोसा झाला होता. एरवी अशा दिवसांत काका बनियनवर असत आणि मावशी त्यांना पाहुण्यांची आठवण करून देत असे. आज मात्र काकांनी लांब बाह्यांचा शर्ट घातला होता. मनगटापर्यंत बटणं लावून!

"बाह्या!" शेपूट एवढ्या जोरात कुजबुजला, की टिकलीने त्याचं तोंड दाबलं.

"सरळ विचारायचं का?" प्रोफेसर म्हणाला.

"'असेल, असेल' म्हणतील," टिकली म्हणाली. "त्यापेक्षा ढब्बूला आंघोळ घालू या."

थोड्याच वेळात टिकली व्हरांड्यात उभी होती. "काका, ढब्बू आज जाणार. जायच्या आधी त्याला स्वच्छ करायचंय. पण तो आमच्या हाती लागत नाही. तुम्ही धराल?"

काकांनी ढब्बूकडे पाहिलं. ढब्बूने काकांकडे पाहिलं. काका मूळचे प्रेमळ गृहस्थ होते आणि अशा वेळी प्रेमळ माणसाची फार पंचाईत होते. "धरतो," ते खालमानेने म्हणाले.

पण बाह्या काही त्यांनी वर केल्या नाहीत! साबणाच्या पाण्यात त्या कोपरापर्यंत भिजल्या.

"काका, बाह्या सरसावा ना," प्रोफेसर साळसूदपणे म्हणाला.

"राहू दे, गार वाटतंय."

मावशी टॉवेल घेऊन आली आणि तिने कपाळाला हात लावला. "अहो, कालच इस्त्री केलेला शर्ट! हे काय चाललंय?" असं म्हणून तिने स्वतःच काकांच्या दोन्ही बाह्या झटक्यात वर सारल्या.

काकांच्या हातांवर मनगटापासून कोपरापर्यंत लाल ओरखडे उठले होते.

मावशी ओरखड्यांकडे बघतच राहिली. मुलांच्या हातांवर पहिल्याच दिवशी तिने असेच ओरखडे पाहिले होते, म्हणून तर शर्टांचा नियम निघाला होता. मग टिकलीने तिला उलट्या वेली दाखवल्या. मावशी सगळ्या रांगेवरून हळूहळू गेली आणि काकांकडे वळली.

"शिडी?" तिने विचारलं.

शिडी वेलींच्या मागे, भिंतीला टेकवून ठेवलेली असे. तार सोडल्याशिवाय ती बाहेर निघत नसे. मागे काका छपरावरून पडून पाय मोडून घेऊन बसले होते, तेव्हापासून मावशीने शिडी मुद्दाम तिथे ठेवली होती आणि 'पुन्हा वर चढणार नाही' असं त्यांच्याकडून वदवून घेतलं होतं.

"छपरावरची टीव्हीची डिश वाकडी झाली होती," काका म्हणाले. "मॅच होती. तार सोडली, तर सगळ्या वेली अंगावर आल्या. घाईघाईत गुंडाळल्या कशातरी."

"आणि कुत्र्यावर आळ आला, तेव्हा गप्प बसलात?"

काकांनी ढब्बूच्या ओल्या डोक्यावर हात ठेवला. "बसलो खरा. चुकलं माझं. टिकली, तुलाही दुखावलं मी." त्यांना खरंच वाईट वाटलं होतं. ते टिकलीला दिसलं आणि तिचा राग अर्ध्यावर उतरला. उरलेला अर्धा तिने ठेवून दिला.

"चूक माझीपण आहे," मावशी म्हणाली. "मी वेलीसुद्धा नीट पाहिल्या नाहीत. एरवी ज्या रोज हातांनी वळवते, त्या डोळ्यांनी बघितल्या नाहीत. तुम्ही पोरं मात्र हुशार निघालात! तुमच्यासारखे तिघं असते, तर गावात चोरांची उपासमार झाली असती."

"तिघं नाही, चौघं," शेपूट म्हणाला. "ढब्बूनं पुरावा तोंडात धरून ठेवला होता!"

संध्याकाळी फाटकाशी बाबांची गाडी थांबली. ते दोरी घेऊनच उतरले. टिकली ढब्बूला घट्ट धरून पायरीवर बसली होती. सगळं उलगडलं असलं, तरी ती दोरी पाहून तिने ढब्बूला आणखी जवळ ओढलं. ती पुढे होण्याआधी काका फाटकापर्यंत गेले. बाह्या वर केलेल्या होत्या. त्यांनी बाबांना सगळं सांगितलं, एकही गोष्ट न लपवता.

बाबांनी ऐकून घेतलं. मग ते पायरीपाशी आले. "हे तू शोधून काढलंस?"

"आम्ही सगळ्यांनी."

बाबांनी दोरीकडे पाहिलं, ती गाडीत परत टाकली आणि ढब्बूच्या कानामागे खाजवलं. "वेली सरळ करून दे मावशीला," ते म्हणाले. "तुमची सुट्टी संपली, की तुम्हा चौघांना एकदमच न्यायला येईन."

"चौघांना?" शेपटाने बोटं मोजायला सुरुवात केली. टिकलीला मोजावं लागलं नाही.