तीन वीसची नोंद

ही गोष्ट ऐकीव नाही. माझ्या सख्ख्या मावसबहिणीवर भरदुपारी गुदरलेली आहे. आणि ती आकड्यांवर जगणारी बाई, भुताखेताचं नाव काढलं की हसायची.

मागच्या वर्षीची गोष्ट. किनाऱ्यावर पवनचक्क्या उभारायच्या होत्या. तिथे वारा पुरेसा आहे का, हे मोजायला ऐंशी मीटरचा मनोरा उभा केला होता. दर दहा मिनिटांनी वाऱ्याची एक नोंद. वर्षभराच्या नोंदी तपासून अहवाल लिहायचं काम हिचं. मनोऱ्यावर चढून यंत्रं सांभाळायचं काम तिच्या धाकट्या भावाचं. हिनंच त्याला तिथे चिकटवलं होतं.

एकदा टोकाचं यंत्र बंद पडलं.

साहेब कडाडले, "असा भोकं पडलेला अहवाल कोणाच्या तोंडावर मारू?"

तिनं भावाला फोन लावला.

"ताई, आज वारा फार आहे गं. उद्या चढतो."

"तुझं रोजचंच उद्या! माझी नोकरी घालवशील एक दिवस."

तो चढला.

तीन वीसला वरून पडला.

यंत्र मात्र दुरुस्त करून पडला.

पंधरा दिवसांनी ती कामावर आली. नोंदी उघडल्या. वारा रोज सणसणीत. फक्त तीन वीसची नोंद...

शून्य.

रोज. मनोऱ्यावरच्या चारही यंत्रांवर.

"बिघाड असेल," साहेब म्हणाले. "गाळून टाक त्या ओळी. सरासरीही वाढेल."

तिच्यानं गाळवेना. दुसऱ्या दिवशी ती एकटीच मनोऱ्यापाशी जाऊन उभी राहिली. वाऱ्यानं ओढणी अंगावर ठरत नव्हती.

तीन वीस झाले...

वारा पडला.

समोर लाटा फुटत होत्या... पण आवाज नव्हता.

मग डोक्यावर, अगदी स्पष्ट... धाप.

कोणीतरी चढत होतं. एकेक पायरी.

ती जिवाच्या आकांतानं ओरडली, "उतर रे राजा! नको चढूस!"

पावलं थांबली.

आणि पुन्हा वर निघाली.

त्या ओळी शेवटी साहेबांनीच गाळल्या. वारा 'उत्तम' ठरला. हिला बढती मिळाली. मनोरा उतरवला गेला.

परवा मी म्हटलं, "चला, सुटलीस एकदाची."

"कसली सुटते?" ती कोरडं हसली. "सुट्टीच्या दिवशी दुपारी जिन्यात धाप ऐकू येते. दारासमोरून जाते... वर."

तिचं घर शेवटच्या मजल्यावर आहे. त्याच्या वर जिना नाही.