बाबालाल मास्तरांचा पक्ष

रविवारी दुपारचा चहा झाला की अप्पा आवटी आणि त्यांची मुलगी केतकी बुद्धिबळाचा पट मांडून भांडायला बसत. खेळ हे निमित्त. भांडण वर्षानुवर्षं एकच: आजवरचा सर्वांत मोठा बुद्धिबळपटू कोण? केतकी मिरजेत मुलांना बुद्धिबळ शिकवायची. तिचा पक्ष कास्पारोवचा. अप्पांचा पक्ष बाबालाल शिकलगारांचा.

बाबालाल मास्तर म्हणजे अप्पांचे शाळेतले चित्रकलेचे शिक्षक. गावाबाहेर त्यांना कोणी ओळखत नव्हतं. ते जुन्या देशी पद्धतीनं खेळत. त्या पद्धतीत वजिरानं राजा कोंडला तर ती साधी मात. पण पटावरच्या सगळ्यांत लहान मोहऱ्यानं, प्याद्यानं, कोंडला तर ती प्यादेमात, आणि तिचा मान फार मोठा. मास्तर डाव सुरू करण्याआधीच आपल्या एका प्याद्याला शाईचा ठिपका लावत आणि समोरच्याला म्हणत, "हा बघ, हाच मात देणार." आणि तोच द्यायचा.

"त्यांचा एक तरी डाव लिहिलेला आहे का कुठं?" केतकी विचारायची.

"तू कास्पारोवचे वाचलेस. मी मास्तरांचे बघितलेत."

"पारावरच्या चार गड्यांना हरवून कोणी जगज्जेता होत नाही, अप्पा."

"तुझ्या कास्पारोवला सांग, ठिपका लावून खेळ म्हणावं. मग बोलू."

मग अप्पांना विस्मरणाचा आजार जडला. आधी शब्द गेले, मग रस्ते, मग बटणं कशी लावायची ते. डॉक्टर मगदूम बाईंनी त्यांच्या कानामागे 'पूरक' बसवला. चिंचोक्याएवढं यंत्र. पुलाची एखादी कमान ढासळली की माणसं ये-जा थांबू नये म्हणून फळी टाकतात. पूरक मेंदूत तेच करतो. आठवण अर्ध्यावर तुटली की पुढचा भाग तो क्षणात पुरवतो. त्यासाठी तो त्या माणसाचे फोटो, संदेश, रेकॉर्ड केलेलं बोलणं वापरतो. तिथं काही सापडलं नाही, तर जगाला जे ठाऊक आहे, ते.

महिनाभरात अप्पा स्वतः दाढी करू लागले. केतकीला नावानं हाक मारू लागले. पहिल्यांदा ती हाक ऐकली तेव्हा ती स्वयंपाकघरात जाऊन रडली होती.

मग एका रविवारी पट मांडता मांडता तिनं नेहमीची काडी टाकली. "काय अप्पा, मग सगळ्यांत मोठा कोण?"

"कास्पारोव," अप्पा म्हणाले. "जवळजवळ वीस वर्षं पहिल्या क्रमांकावर. मतभेद आहेत, पण पुरावा त्याच्या बाजूनं आहे."

केतकी हसली. तिला वाटलं, तिला चिडवायची ही नवी तऱ्हा. "आणि बाबालाल मास्तर?"

"कोण बाबालाल?" त्यांनी अगदी सभ्यपणे विचारलं.

मास्तरांचा फोटो नव्हता, लिहिलेला डाव नव्हता. ते फक्त अप्पांच्या डोक्यात होते, आणि तिथं आता फळी पडली होती.

केतकीनं हार मानली नाही. तिनं मास्तरांबद्दल ऐकलेलं सगळं आपल्या आवाजात रेकॉर्ड करून पूरकात भरलं: ठिपका, पार, प्यादेमात. पुढच्या रविवारी अप्पा मास्तरांबद्दल बोलले. ती ऐकत राहिली. शब्द न् शब्द तिचा होता. तिनं घातलेला विनोदसुद्धा तिनं घातला होता तिथंच आला.

"तुम्ही भांडा ना माझ्याशी," ती म्हणाली.

"कशासाठी? तुझं बरोबर आहे."

ती डॉक्टरांकडे गेली. "त्यांची स्वतःची आठवण गेलीच का?"

"गेली असेल किंवा खाली दबली असेल," मगदूम बाई म्हणाल्या. "पूरक जे काम करतो, ते मेंदू हळूहळू सोडून देतो. जे उरलंय, तेही असंच विझत जाईल. तासभर यंत्र थांबवून बघता येतं. पण केतकी, मग बाकीचंही थांबेल. तुमची ओळखसुद्धा. कायमचं काढायचं की ठेवायचं, हे तुम्हालाच ठरवावं लागणार आहे."

घरी येऊन तिनं अप्पांसमोर पट मांडला आणि डॉक्टरांनी दिलेल्या रिमोटचं बटण दाबून पूरक थांबवला.

अप्पांचा चेहरा सैल पडला. शर्टाच्या बटणाशी त्यांची बोटं चाळवत राहिली. मग त्यांची नजर पटावर गेली. त्यांनी एक प्यादं उचललं, अंगठ्यानं त्याचं डोकं चोळलं.

"शाई आहे का, बाई, तुमच्याकडे?"

तिनं पेन दिलं. त्यांनी प्याद्यावर ठिपका काढला.

"आमचे मास्तर... शिकलगार. डावा हात. डाव्या हातानं खेळायचे. उजव्याला सदा रंग लागलेला. पट खराब होईल म्हणून."

हे त्यांनी तिला कधीच सांगितलं नव्हतं. ती मुद्दाम म्हणाली, "पण कास्पारोव मोठा."

अप्पा ताठ बसले. डोळ्यांत जुनी आग आली. "तुम्हाला काय कळतं? कोणाच्या तुम्ही?"

"मी इथलीच."

"आमची केतकी असंच म्हणते. हट्टी आहे. तोंडावर कबूल नाही करत मी, पण..." ते थांबले. शब्द शोधत राहिले. तिनं पुरवला नाही. "चांगली खेळते. मास्तरांनी बघायला हवी होती."

तास संपत आला होता. रिमोटचं बटण केतकीच्या अंगठ्याखाली होतं. पुन्हा दाबलं, तर हा माणूस तिला नावानं हाक मारेल आणि तिच्या प्रत्येक म्हणण्याला मान डोलावेल. नाही दाबलं, तर तो तिच्यासाठी भांडेल, पण समोर ती आहे हे त्याला कधीच कळणार नाही.

अप्पांनी ठिपक्याचं प्यादं एक घर पुढं सरकवलं आणि दाराकडे पाहिलं.

"उशीर केला आज पोरीनं," ते म्हणाले. "बाई, ती येईपर्यंत थांबाल का तुम्ही?"