चुकीच्या तारखेचा साचा

ही गोष्ट २०२२ सालची. सांगलीच्या एका कॉलेजात विकिपीडियावर मराठी लेख लिहायला शिकवायचा वर्ग भरला होता. वाईची राजेश्वरी त्यासाठी एसटीनं आली होती. जतकडच्या ओव्या म्हणणाऱ्या एका म्हातारीवर ती लेख लिहीत होती. माहितीच्या चौकटीत जन्मतारखेपुढे तिनं म्हातारीचेच शब्द लिहिले: ‘मोठ्या दुष्काळाच्या साली’. पान जतन केलं आणि वरपासून खालपर्यंत लाल अक्षरं उमटली — अवैध तारीख!

मागं कुणीतरी हसलं.

“हसायला काय झालं?”

“तुम्हाला न्हाई हसलो. ही चौकट भरणारा साचा, म्हंजे आतली आज्ञावली, मीच लिहिलाय.”

“म्हणजे ही बोंब तुमची?”

“व्हय... माझीच.” तो जतचा सूरज. मेंढपाळाच्या घरचा, संगणक शिकलेला.

“आजीला तारीख ठाऊक नाही, त्यात तिचा काय गुन्हा? सगळ्यांदेखत असं ओरडायचं?”

त्यानं खुर्ची ओढली. “मग काय करू, सांगा.”

“लिहिलंय तसंच दाखवा. गप.”

“आणि कुणी एकतीस फेब्रुवारी लिहिली तर?”

“तर... साच्यानं तुमच्या कानात सांगावं. पानावर नको.”

त्यानं तसंच केलं. तारीख कळली तर साचा वय मोजी. नाही कळली तर शब्द होते तसे ठेवी आणि ते पान गुपचूप सूरजनं तपासायच्या यादीत टाकी. दुपारभर दोघं मुद्दाम चुकीच्या तारखा घालून बघत होती.

“तुमची घाला की,” ती म्हणाली.

“एक जून. गुरुजींनी निम्म्या वर्गाला तीच दिली.”

“आणि खरी?”

“आई म्हणते, मेंढरं साताऱ्यापल्याड मेढ्याकडं चरायला गेली होती, तवा...”

ती त्याच्याकडे बघत राहिली. मग उगाच पडद्याकडे.

पुढं वर्षभर फोन झाले, साताऱ्याच्या स्टँडवर चहा झाले. शेवटी गोष्ट राजेश्वरीच्या वडिलांपर्यंत गेली. मानसिंग फौजेतून निवृत्त, उसाची शेती. जातीवरून कुरकुरले, मग म्हणाले, “पत्रिका जुळली तर बघू.” एक जूनवरून पत्रिका झाली आणि झकास जुळली.

वाईला राजेश्वरीच्या घरी सोप्यात बैठक बसली. मानसिंग खुशीत होते. सूरजनं राजेश्वरीकडे पाहिलं. तिनं हळूच मान हलवली... सांगू नको.

“काका, ती तारीख खरी न्हाई,” तो म्हणाला. “खरी कुणालाच ठाऊक न्हाई.”

मानसिंगांनी कप खाली ठेवला. “मग कशाच्या जोरावर पोरगी देऊ?”

दारातून राजेश्वरीची आई, अंबूबाई, बोलली, “आवं, तुमची तरी कुठं खरी हाय? पलटणीत एक जूनच लागलीय. भटजींनी आपलं नावावरनं जुळवलं. मोडलं का?”

मानसिंगांनी कप पुन्हा उचलला. “लपवता आलं असतं की पोराला,” ते पुटपुटले.

“व्हय. न्हाई लपवलं,” अंबूबाई म्हणाली.

“मग... घ्या जुळवून नावावरनं.”

अंगणात राजेश्वरीनं त्याला चिमटा काढला. “गप्प बसायला काय झालं होतं? जीव गेला असता माझा!”

“चूक कानात सांगायची, तूच म्हणालीस. पण तुझ्या वडिलांच्या कानाजवळ जायची छाती होईना... म्हणून मोठ्यानं सांगितलं.”

लग्न जतला झालं. दोघं आता सांगलीत राहतात. तो साचे सांभाळतो, ती शाळेत शिकवते. मानसिंग जावयाला एक जूनला फोन करतात, कारण वाढदिवस दोघांचा एकच. ओव्या म्हणणारी म्हातारी गेली. तिच्या पानावर मृत्यूची तारीख नीट आहे, जन्मापुढे मोठा दुष्काळ आहे, आणि वयाच्या जागी साचा काही बोलत नाही. सूरजची आई हरणाबाई अजून मेंढरांमागं जाते. कळप मेढ्याला पोचल्याचा तिचा फोन आला की राजेश्वरी सूरजच्या वाढदिवसाचा शिरा करायला घेते.